दूध पुरत नाही: घणसोलीतलं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती, दूध पुरत नाही. बाळ ९ दिवसांचं, मुलगी. आई २९ वर्षांची, ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरी, पहिलंच बाळंतपण, सिझेरियन. घर घणसोलीत, चौदाव्या मजल्यावरचं टू बीएचके. फोन बाळाच्या आत्याने केला आणि निदानही फोनवरच सांगून टाकलं: "वहिनी मुळातच बारीक, तिला कुठून येणार दूध?"

बारीक असण्याचा आणि दूध येण्याचा संबंध नसतो. बाळ किती वेळा आणि किती नीट ओढतं, यावर दूध ठरतं. पण हे मी फोनवर सांगायच्या भानगडीत पडत नाही, कारण ते फोनवर कोणाला पटत नाही.

मी जीएनएम नर्स, म्हणजे नर्सिंग आणि सुईणपणाचा डिप्लोमा केलेली. बरीच वर्षं प्रसूतिगृहात काढली, आता ठाणे आणि नवी मुंबईत बाळंतपणानंतर घरी जाऊन मदत करते. पाजायला शिकवणं, टाके बघणं, बाळाचं वजन करणं ही कामं लोकांना कळतात. घरातल्या माणसांची सांगड घालणं हेही कामच आहे, हे सहसा शेवटचं बिल देताना कळतं. या घरच्यांनी लिहायला संमती दिली आहे. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. इथे दवाखाना नवी मुंबईचा, नवऱ्याची नोकरी इथली, म्हणून मुलगी माहेरी गेली नाही, माहेरच इकडे आलं. त्यामुळे एका स्वयंपाकघरात दोन आज्या. साताऱ्याच्या आजी, म्हणजे सासूबाई, आणि सांगलीच्या आजी, म्हणजे तिची आई. दोघी मायाळू, दोघी अनुभवी, आणि हळिवाचे लाडू आधी की डिंकाचे इथपासून दोघींचं जमत नव्हतं. बाळाचे बाबा पाच दिवसांची स्वतःची रजा संपवून कामावर गेले होते. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खाजगी कंपनीवर तसं कायद्याचं बंधन नाही, आणि यांची कंपनी बंधनापलीकडे काही देणारी नव्हती.

डिस्चार्जचा कागद आधी वाचला. ३८ आठवडे पूर्ण, जन्मवजन २.८६० किलो. चौथ्या दिवशी घरी सोडताना २.६५० किलो. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतंच. ७ टक्क्यांपर्यंत उतरलं तर लक्ष ठेवायचं, १० टक्क्यांकडे जायला लागलं तर हातपाय हलवायचे, आणि दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या आकड्यावर परत यायला हवं. माझ्या काट्यावर त्या दिवशी २.६१० भरलं. दवाखान्याचा काटा वेगळा, माझा वेगळा, तेव्हा ४० ग्रॅमच्या फरकावर मी काही ठरवलं नाही. पण जे वाढायला हवं होतं ते वाढलेलं नाही, एवढं नक्की होतं.

त्याच कागदावर पावडरच्या दुधाचं नाव लिहिलेलं होतं. आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. बाळाच्या पावडर दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही, आईला फुकट नमुने देता येत नाहीत. डॉक्टरांनी गरज पाहून दूध लिहून देणं त्यात बसतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही, की लिहून दिलं पण ते कसं बनवायचं हे कोणी दाखवलं नाही. त्याचं काय झालं ते पुढे येतंच.

पहिल्या भेटीत मी शक्यतो काही सांगत नाही. एक अख्खं पाजणं बघते. तिने मांडी घातली, पाठ वाकवली, बाळाला मांडीवर आडवं ठेवलं आणि स्वतः बाळावर झुकली. सिझेरियनच्या टाक्यांवर बाळाचं वजन येत होतं म्हणून दर मिनिटाला ती सरकत होती. बाळाच्या तोंडात फक्त स्तनाग्राचं टोक. गाल आत ओढले जात होते, टक टक असा जिभेचा आवाज येत होता, गिळल्याचा आवाज नाहीच. पाच मिनिटांनी सांगलीच्या आजींनी मोबाइल बघून "आता दुसरीकडे घे" म्हटलं. दहाव्या मिनिटाला बाळ झोपलं. तोंडातून सुटलेलं स्तनाग्र नव्या लिपस्टिकसारखं एका बाजूला तिरपं चेपलेलं, डाव्या बाजूला भेग. आधी आणि नंतर, त्याच कपड्यांत, लंगोट न बदलता बाळाचं वजन केलं. फरक १२ ग्रॅमचा.

तर दूध येत नव्हतं का? हाताने हलकं दाबल्यावर धार लागली. आलेलं दूध बाळापर्यंत पोहोचत नव्हतं. मात्र असं आठवडाभर चाललं की स्तन रिकामे होत नाहीत, आणि मग दूध खरोखरच कमी होतं. म्हणजे आत्या आज चुकीची होती, पंधरा दिवसांनी बरोबर ठरली असती.

मग मी म्हटलं, वरचं दूध कसं करता ते दाखवा. साताऱ्याच्या आजींनी उकळून गार केलेलं ६० मिली पाणी बाटलीत घेतलं आणि त्यात एक चमचा पावडर टाकली. त्या डब्यावर एका सपाट चमच्याला ३० मिली पाणी लिहिलेलं होतं. "अहो, एवढुशा पोटाला घट्ट दूध जड जातं, म्हणून पातळ करते." गायीच्या दुधात पाणी घालायची त्यांची सवय, आणि त्यामागे मायाच. पण बाळ दिवसातून चार वेळा निम्म्या ताकदीचं दूध पीत होतं. पोट भरलेलं, म्हणून आईकडे ओढायचा जोर नाही, आणि वजनही नाही. शिवाय एवढं जास्तीचं पाणी नवजात बाळाच्या रक्तातलं सोडियम उतरवू शकतं, मग झटकेही येऊ शकतात. मी डब्यावरची बारीक अक्षरं त्यांना मोबाइलच्या टॉर्चने वाचून दाखवली. त्यांना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "हे दवाखान्यात कोणी बोललं नाही." खरंच बोललं नव्हतं.

बाळाच्या त्वचेवर पिवळेपणा पोटापर्यंत होता, आणि पाजायला उठवलं तरी ते लवकर झोपी जात होतं. नवव्या दिवशी पिवळेपणा, सुस्ती आणि न वाढणारं वजन हे तिन्ही एकत्र दिसले की ते नर्सच्या हातातलं काम राहत नाही. त्याच संध्याकाळी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं रक्तातलं प्रमाण, तपासलं, उपचार लागतील इतकं नव्हतं. डॉक्टरांनी वरचं दूध पूर्ण ताकदीने, पाजल्यानंतर, ठरावीक मापाने चालू ठेवायला सांगितलं आणि तीन दिवसांनी वजन. सकाळी खिडकीतल्या उन्हात बाळाला धरायचा सांगलीचा उपाय तिथेच बंद झाला. कावीळ त्याने उतरत नाही, वर बाळ गारठतं.

यानंतर मी फ्रिजवर एक कागद चिकटवला. चोवीस तासांचे चोवीस चौकोन. बाळ कधी प्यायलं, किती वेळ, लंगोट किती ओले, आणि खाली वेगळ्या रांगेत आई किती झोपली. पेन दोऱ्याने बांधलं. कागद सगळ्यांनी भरायचा, आईने एकटीने नाही.

पहिल्याच दिवशीचा कागद बघण्यासारखा होता. सकाळी साडेदहाला मालीशवाल्या बाई येतात. बाळाची मालीश, अंघोळ, शेक, धुरी. साडेअकराला बाळ गाढ झोपतं ते तीनला उठतं. रात्री अकरा ते चार परत झोप, कारण झोपलेल्या बाळाला उठवू नये. वजन न वाढणाऱ्या नवजात बाळाला दिवसातून दोनदा चार-पाच तास उपाशी ठेवलं जात होतं, आणि त्याला शांत बाळ म्हटलं जात होतं. दिवसभरात पाजणं सहा वेळा. आठ ते बारा वेळा हवं. ओले लंगोट चार, पाचव्या दिवसानंतर सहा तरी हवेत.

आता मालीशवाल्या बाईंबद्दल, कारण माझ्या व्यवसायातली माणसं त्यांच्याशी भांडण्यात फार वेळ घालवतात. या बाई रबाळ्याहून यायच्या, हात सुरेख. दवाखान्याचे डॉक्टर बाळाला दहा मिनिटं बघतात, मी आठवड्यातून एखाददोनदा जाते, या बाई सव्वा महिना रोज तासभर बाळ हाताळतात. त्यांना बाजूला काढणारा सल्ला घरात टिकत नाही. मी तीन गोष्टी बंद करायला सांगितल्या. नाकात-कानात तेल सोडणं, बाळाची छाती पिळून चीक काढणं आणि धुरी. छातीवरची सूज आईच्या हार्मोन्समुळे असते, आपोआप उतरते, आणि पिळलं तर गळू होतं, हे त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एका घरी झालं होतं तसं, आम्ही म्हटलं दृष्ट लागली." मालीश, तेल, टाळू भरणं यात मी हात घातला नाही, फक्त टाळूवर जोर नको एवढं म्हटलं. अंघोळीआधी अर्धा तास आणि अंघोळीनंतर लगेच पाजायचं, हे त्यांनीच लावून धरलं. बाळाला कपड्यात गुंडाळून त्या आईच्या हातात द्यायच्या आणि ती पाजेपर्यंत घराबाहेर पडायच्या नाहीत. नंतर नंतर "लॅच (बाळाची पकड) बरोबर नाही ताई, हनुवटी टेकली नाही" असंही म्हणायला लागल्या.

शेगडीवरून मात्र वाद झाला. पावसाळा होता, दुपटी वाळत नव्हती, खिडक्या बंद, आणि बाजेखाली निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा. गावाकडे कौलारू खोलीत हे चालून जात असेल. बंद फ्लॅटमध्ये निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. साताऱ्याच्या आजींनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही, पण शेगडी बाल्कनीत गेली आणि आत गरम पाण्याची पिशवी आली, टाक्यांपासून लांब, कंबरेला. पाणी कमी प्यायचा दंडकही असाच अर्धवट सुटला. ओव्याचं कोमट पाणी तांब्याभर जवळ ठेवायचं ठरलं, आणि तिचा शौचाचा त्रास दोन दिवसांत कमी झाला.

पाजण्याचं तंत्र सुधारणं त्यामानाने सोपं. बाळ काखेखाली, उशीवर, पाय पाठीमागे, म्हणजे टाक्यांवर भार नाही. आईने बाळाकडे वाकायचं नाही, बाळाला स्वतःकडे आणायचं. तोंड जांभईएवढं उघडेपर्यंत थांबायचं. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली. भेगेवर स्वतःचंच दूध लावून वाळू द्यायचं. पाजून झाल्यावर हाताने काढलेलं दूध बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्याने द्यायचं. बोंडलं सांगलीच्या आजींच्या सामानात निघालं, पितळी, स्वतः तिला पाजलेलं. ते उकळून घ्यायला सांगितलं, आणि बाटली कपाटात गेली. काही दिवसांनी परत केलेल्या मोजणीत एका पाजण्यात ४० ग्रॅम भरले. बाराव्या दिवशी २.७००, सोळाव्या दिवशी २.८५०. घरात पेढे वाटायची तयारी.

इथे हे प्रकरण बंद झालं असतं. तक्रार दुधाची होती, दूध मार्गी लागलं होतं. पण कागदाची खालची रांग मला पटत नव्हती. बाळाच्या रांगेत आता नऊ-दहा वेळा पाजणं, सात-आठ लंगोट. आईच्या रांगेत सलग झोप कुठेही दोन तासांच्या वर नाही. बाळ दुपारी दोन तास झोपलेलं असताना तिथेही चौकोन कोरा. विचारलं तर म्हणाली, "बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. श्वास घेतेय का बघत बसते."

बाळंतपणानंतर रडू येणं, चिडचिड होणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं, चौथ्या-पाचव्या दिवशी जास्त असतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. थकव्याचं आणि नैराश्याचं वेगळेपण ओळखायला माझ्या अनुभवात एकच प्रश्न उपयोगी पडतो. बाळ दुसऱ्याकडे सोपवून झोपायला मिळालं तर झोप लागते का? थकलेली बाई डोकं टेकताच झोपते. हिला लागत नव्हती, आणि दोन आठवडे उलटून गेले होते.

अठराव्या दिवशी दोन्ही आज्यांना बाळाला घेऊन खाली बागेत पाठवलं आणि तिला एडिनबरा प्रश्नावली, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची, मराठीतून वाचून दाखवली. १९८७ पासून जगभर वापरात आहे. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकी शून्य ते तीन गुण. १३ किंवा जास्त झाले की तज्ज्ञांकडे पाठवायचं, असा साधारण प्रघात. तिचे १५ झाले. बेरजेपेक्षा दहाव्या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं. स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला का? तिने "क्वचित" म्हटलं आणि लगेच "म्हणजे तसं नाही" असंही म्हटलं. अशा वेळी विषय बदलायचा मोह होतो. मी सरळ विचारलं, काय विचार येतो, कधी येतो, काही करायचं ठरवलं आहे का. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घुसतो, ही समजूत चुकीची आहे. तिचं उत्तर असं होतं: आपण नसतो तर या सगळ्यांनी बाळाला जास्त नीट वाढवलं असतं. काही ठरवलेलं नाही. शिवाय बाल्कनीच्या दाराजवळ गेलं की बाळ हातातून पडेल असं चित्र दिसतं, म्हणून ती आठवडाभर हॉलमध्ये आलीच नव्हती. घरच्यांना वाटत होतं, बाळंतीण खोलीतच बसते, शहाणी आहे.

असं चित्र दिसणं आणि त्याने घाबरून लांब राहणं हे चिंतेच्या आजाराचं लक्षण आहे, त्यात बाळाला धोका सहसा नसतो. भलतेच आवाज ऐकू येणं, बाळाबद्दल विचित्र खात्री बसणं, दिवसेंदिवस झोप नको वाटणं हे असतं तर त्याच तासाला दवाखाना गाठावा लागला असता. ते नव्हतं. तिची परवानगी घेऊन नवऱ्याला ऑफिसमधून बोलावलं. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलले, त्यांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला लावलं, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडूनही असं होतं. दुसऱ्या दिवशी वाशीला मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली. मधल्या रात्री ती एकटी राहणार नाही असं ठरवलं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक नवऱ्याच्या मोबाइलमध्ये घातला. तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

सांगलीच्या आजी रडल्या. साताऱ्याच्या आजी म्हणाल्या, "हा वात आहे. ओली बाळंतीण, वाऱ्याला बसली असेल. वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला?" मी त्यांच्याशी वात की डिप्रेशन यावर वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, आई, तिला रात्री सलग पाच तास झोप मिळाली नाही तर औषधही चालणार नाही, नऊ ते दोन बाळ कोण सांभाळेल? त्या म्हणाल्या, "मी आहे ना." आणि त्यांनी ते सांभाळलं, रोज. त्यांचं मत आजही वाताचंच आहे.

मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध कमी मात्रेत सुरू केलं. ते आईच्या दुधात फार कमी उतरतं, त्यामुळे पाजणं थांबवावं लागलं नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात हे त्यांनी आधीच सांगितलं, ते बरं झालं, नाहीतर पाचव्या दिवशी गोळी बंद झाली असती.

आता ज्यावर माझ्याच क्षेत्रातले काहीजण नाराज होतील ते. नऊ ते दोनच्या पाळीत मध्ये एकदा वरचं दूध दिलं जातं, पूर्ण ताकदीचं, आणि ते मी थांबवलं नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, हे मी स्वतः रोज सांगते. दूध काढून ठेवता आलं असतं असंही म्हणता येईल. पण पंपाला बसायचे ते तीस मिनिटही या बाईच्या झोपेतूनच जाणार होते. बाकी आठ वेळा बाळ अंगावर पितं. एका वेळच्या पावडरीच्या बदल्यात आई झोपत असेल, तर मला तो व्यवहार मान्य आहे.

घरी सोडताना या कुटुंबाच्या हातात दोन तारखा होत्या: दहाव्या दिवशी टाके, सहा आठवड्यांनी लस. मधलं सगळं कोरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीत दवाखान्यातून आल्यावर किमान तीन संपर्क सांगितले आहेत: ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. आपल्याच सरकारी कार्यक्रमात आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं असतं. त्याची मुळं गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून केलेल्या कामात आहेत. शहरात आशाताईंचं काम मुख्यतः वस्त्यांमध्ये. या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या नातवाला आशाताई काटा घेऊन तिसऱ्या दिवशी बघून गेल्या होत्या. चौदाव्या मजल्यावर इंटरकॉम, सीसीटीव्ही आणि दोन लिफ्ट असून घरी आल्यापासून पाच दिवस बाळाचं वजन कोणी केलं नव्हतं.

सहाव्या आठवड्यात बाळाला महापालिकेच्या केंद्रात पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा आणि न्यूमोकोकलची पहिली मात्रा मिळाली. वजन ३.७८० किलो. आईची प्रश्नावली परत घेतली, ९ गुण, दहाव्या प्रश्नाला शून्य. ती हॉलमध्ये बसते, बाल्कनीत अजून जात नाही. औषध काही महिने तरी चालू राहील, पुढची भेट मानसोपचारतज्ज्ञांनी दिली आहे. प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे, त्यातले तीन बाळंतपणाआधीच गेले. ऐरोलीच्या ऑफिसला पाळणाघर आहे का, हे तिने अजून विचारलेलं नाही. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ते ठेवावं लागतं, तेव्हा विचारायला हरकत नाही.

सांगलीच्या आजी गेल्या. साताऱ्याच्या आजींची पेरणीनंतरची कामं खोळंबली आहेत, त्या पुढच्या महिन्यात जाणार. नऊ ते दोनची पाळी मग बाळाच्या बाबांकडे येते, आणि त्यांना सकाळी सातची ट्रान्स हार्बर लोकल पकडायची असते. त्यावर शनिवारी दोघांनाही समोर बसवून बोलायचं ठरलं आहे, कागद घेऊन.